सैतानाची ऑफर आणि १९३३ चं जर्मन चर्च

बर्लिनच्या दक्षिणेला मारीएनडोर्फ म्हणून भाग आहे, तिथे मार्टिन ल्यूथरच्या, म्हणजे ज्याच्यापासून प्रोटेस्टंट पंथ सुरू झाला त्याच्या, नावाचं एक मोठं चर्च आहे. १९३३ ला काम सुरू झालं, १९३५ ला उद्घाटन. आत पुलपिटवर, म्हणजे पाळक प्रवचन द्यायला उभा राहतो त्या मंचावर, लाकडात कोरीव काम आहे, येशू लोकांना शिकवतोय असा देखावा, आणि ऐकायला उभं कोण तर स्टीलचं हेल्मेट घातलेला सैनिक आणि हिटलर यूथचा पोरगा. बाप्तिस्म्याच्या कुंडावर एसएचा माणूस कोरलाय, एसए म्हणजे नाझी पक्षाची ती तपकिरी शर्टवाली फौज. दारातलं झुंबर आयर्न क्रॉसच्या आकाराचं, म्हणजे लष्करी पदकाच्या. आणि ऑर्गन चर्चमध्ये बसण्याआधी १९३५ च्या न्युरेंबर्गच्या पक्षमेळाव्यात वाजून आलेला.

आता हे कुणी पाळकाच्या कानशिलाला बंदूक लावून करून घेतलेलं नाही. लोकांना ते हवं होतं. हे समजायला मला बराच वेळ लागला, कारण आपल्या डोक्यात असं असतं की सत्ता चर्चवर जुलूम करते, चर्च सोसतं, हुतात्मे होतात. तसंही होतं. पण त्याआधी एक दुसरी गोष्ट होते, सत्ता दारात येते आणि गोड बोलते, आणि आपण आत बोलावून चहा देतो.

आमच्याकडे निवडणुकीच्या आधीच्या रविवारी एक उमेदवार आला होता. पहिल्या बाकावर बसवलं, उपासना संपायच्या आधी माइक दिला, त्याने चर्चच्या आवारात पेव्हर ब्लॉक टाकून देतो आणि दफनभूमीला कंपाउंड वॉल बांधून देतो म्हणून सांगितलं, टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या, पावसाळ्यात त्या आवारात चिखल किती होतो ते मला माहितीय ना. आपण इथे मूठभर आहोत, आपली लालूच पण पेव्हर ब्लॉकएवढीच असते. जर्मनीत चर्च म्हणजे अख्खा देश होता, तिथे ऑफर पण तशीच मोठी आली.

आधी मूळ गोष्ट. संडे स्कूलमध्ये सगळ्यांनी ऐकलेली आहे. येशू चाळीस दिवस रानात उपाशी, सैतान तीन वेळा मोहात पाडायला येतो. मत्तयच्या शुभवर्तमानात तिसरा मोह असा, उंच डोंगरावर नेऊन जगातली सगळी राज्यं आणि त्यांचं वैभव दाखवतो आणि म्हणतो, पाया पड, हे सगळं तुझं. लूकच्या शुभवर्तमानात सैतान वर हेही सांगतो की हा अधिकार माझ्याकडे दिलेला आहे, मला वाटेल त्याला मी देतो. लहानपणी हे ऐकताना वाटायचं यात मोह कसला, सैतान समोर दिसतोय, शिंगंबिंगं असतील, कोण हो म्हणणार. पण विचार करा, येशूला राज्य मिळालं असतं तर त्याने काय वाईट केलं असतं? भुकेल्यांना जेवण, आजाऱ्यांना औषध, रोमन शिपायांचा जाच बंद. म्हणजे ऑफर चांगलं काम झटपट करायची होती, फक्त पाया कुणाच्या पडायचं एवढाच प्रश्न. पुढे योहानच्या शुभवर्तमानात पाच हजारांना जेवू घातल्यावर लोकच त्याला धरून राजा करायला निघतात, तर तो डोंगरावर निघून जातो, एकटा. दोन्ही वेळा नाही म्हणाला.

हे लक्षात ठेवून आता जर्मनीत येऊ.

१९१८ पर्यंत जर्मनीतलं प्रोटेस्टंट चर्च आणि राजा म्हणजे एकाच घरातली माणसं. ल्यूथरच्या काळापासून पद्धत अशी की ज्या प्रांताचा जो राजा तोच तिथल्या चर्चचा वरिष्ठ. सिंहासन आणि वेदी असा शब्दच होता त्यासाठी. पहिलं महायुद्ध हरले, कैसर म्हणजे जर्मन सम्राट पळाला, राजे गेले, आणि एका रात्रीत चर्चचा मालक गायब. १९१९ च्या नव्या राज्यघटनेने, तिला वायमार घटना म्हणतात, सांगून टाकलं की यापुढे सरकारी चर्च नाही. खरं तर नुकसान फार नव्हतं, चर्च टॅक्स सुरूच होता, शाळेत धर्मशिक्षण सुरूच होतं. पण मान गेला ना. ज्या पाळकाच्या वडिलांना आणि आजोबांना गावात सगळे टोपी काढून नमस्कार करायचे, त्याला आता समाजवादी, नास्तिक, बर्लिनच्या कॅबरेतली पोरं असे सगळे एकाच लायनीत उभे दिसायला लागले, वर शेजारी रशियात बोल्शेविक पाद्र्यांना मारतायत अशा बातम्या. देशातले सुमारे दोन तृतीयांश लोक प्रोटेस्टंट, उरलेले बहुतेक कॅथलिक, आणि तरीही चर्चला वाटत होतं की आपण घेरले गेलोय. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. ज्याला गेलेल्या मानाचं दुःख आहे त्याला विकत घ्यायला पैसे लागत नाहीत, नुसतं तुमचा मान परत देतो म्हटलं तरी पुरतं.

हिटलरला हे बरोबर कळलं होतं. नाझी पक्षाच्या १९२० च्या जाहीरनाम्यात २४ वा मुद्दा आहे, त्यात लिहिलंय की पक्ष 'सकारात्मक ख्रिस्ती धर्मा'च्या बाजूने आहे. याचा अर्थ काय ते कुणीच नीट सांगितलं नाही, आणि तेच सोयीचं होतं. ३० जानेवारी १९३३ ला तो चान्सलर म्हणजे सरकारचा प्रमुख झाला, दोनच दिवसांनी रेडिओवर म्हणाला की ख्रिस्ती धर्म आमच्या नीतिमत्तेचा पाया आहे, त्याचं रक्षण करू. २१ मार्चला पॉट्सडॅममध्ये नव्या संसदेचा थाटामाटात सोहळा, त्या दिवशी सेंट निकोलस चर्चमध्ये प्रवचन देणारे होते ओटो डिबेलियस, मोठे चर्च अधिकारी. वचन घेतलं रोमकरांस पत्रातलं, देव आपल्या बाजूचा आहे तर आपल्या विरुद्ध कोण. गंमत बघा, गंमत कसली म्हणा, १९१४ साली महायुद्ध सुरू झालं तेव्हाही संसदेच्या उपासनेला हेच वचन होतं. हेच डिबेलियस नंतर विरोधकांत गेले, म्हणजे माणूस काही विकला गेलेला नव्हता, फक्त त्या दिवशी घंटा वाजत होत्या, झेंडे फडकत होते आणि आपले जुने दिवस परत आले असं वाटत होतं.

कॅथलिकांचं थोडक्यात सांगतो कारण तो वेगळा लेख होईल. तिथल्या बिशपांनी आधी नाझी पक्षाविरुद्ध कडक भूमिका घेतली होती, मार्च १९३३ च्या शेवटी ती मागे घेतली, आणि २० जुलैला व्हॅटिकनने हिटलर सरकारशी करार केला, त्याला कॉन्कॉर्डाट म्हणतात. आमच्या शाळा, आमच्या संस्था शाबूत ठेवा, आमचे फादर राजकारणात पडणार नाहीत. नव्या सरकारला जगात पत मिळाली. चर्चला काय मिळालं ते १९३७ मध्ये पोपलाच जर्मन भाषेत परिपत्रक काढून सांगावं लागलं, झावळ्यांच्या रविवारी ते देशभरच्या पुलपिटवरून वाचलं गेलं, की तुम्ही करार पदोपदी मोडताय.

प्रोटेस्टंटांत मात्र हा मोह बाहेरून आला नाही, घरातच उभा राहिला. १९३२ मध्ये एक गट तयार झाला, 'जर्मन ख्रिस्ती'. त्यांच्या एका पुढाऱ्याने स्वतःच्या गटाला येशू ख्रिस्ताची एसए म्हटलं होतं, यावरून कल्पना येईल. त्यांचं म्हणणं सोपं होतं, देव बायबलमधून बोलतो तसाच इतिहासातून पण बोलतो, आणि आत्ता तो हिटलरच्या रूपाने जर्मन राष्ट्राशी बोलतोय. २८ प्रांतिक चर्चेस कशाला, सगळं मिळून एकच राष्ट्रीय चर्च करू, त्यावर एकच राइश-बिशप. एक देश, एक नेता, तसं एक चर्च. ऐकायला व्यवस्थित वाटतं, नाही का?

या पदासाठी हिटलरचा माणूस होता लुडविग म्युलर, पूर्व प्रशियातला लष्करी चॅप्लेन, म्हणजे सैन्यातला पाळक. चर्चच्या लोकांनी मे महिन्यात आधी दुसऱ्याच माणसाला निवडलं, फ्रीडरिश फॉन बोडेलश्विंग, अपंग आणि मिरगीच्या रुग्णांची मोठी संस्था चालवणारे, पण त्यांच्यावर इतका दबाव आला की महिन्याभरात राजीनामा. मग २३ जुलैला चर्चच्या निवडणुका लावल्या, आदल्या रात्री हिटलरने स्वतः रेडिओवर जर्मन ख्रिस्ती गटासाठी आवाहन केलं, आणि साधारण दोन तृतीयांश मतं त्यांना. सप्टेंबरला म्युलर राइश-बिशप. वर्षभरापूर्वी या माणसाला त्याच्या भागाबाहेर कोण ओळखत होतं कुणास ठाऊक.

आणि लगेच बिल आलं. त्या बिलाचं नाव आर्यन कलम.

सरकारी नोकरीतून ज्यूंना काढायचा कायदा एप्रिल १९३३ मध्ये झाला होता. जर्मन ख्रिस्ती म्हणाले तोच नियम चर्चमध्ये लावा, ज्याचे आईबाप किंवा आजी-आजोबा ज्यू तो पाळक राहू शकत नाही, मग तो स्वतः जन्मापासून ख्रिस्ती असला तरी. सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या चर्चसभेने हे पास पण केलं, बरेच प्रतिनिधी तपकिरी युनिफॉर्म घालूनच आले होते म्हणून तिला तपकिरी सभा असं नाव पडलं. आता अठराएक हजार पाळकांत असे लोक होते किती, मूठभर. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटलं एवढ्या मोठ्या फायद्यासाठी एवढी छोटी गोष्ट सोडून द्यावी. पण नीट बघा ही गोष्ट छोटी नाही. बाप्तिस्मा म्हणजे काय? पाणी पडलं की माणूस ख्रिस्ताचा, मग यहुदी (म्हणजे ज्यू) नाही, हेल्लेणी (म्हणजे ग्रीक) नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, असं पौलाने गलतीकरांना लिहिलंय. आर्यन कलम म्हणतं, नाही, पाण्यापेक्षा रक्त वरचढ. म्हणजे चर्चने चर्च असण्याचं जे एकमेव कारण तेच सही करून देऊन टाकलं.

यावर मार्टिन निमोलर नावाच्या बर्लिनच्या पाळकाने पाळकांचा एक आपत्कालीन संघ काढला. हा माणूस पहिल्या महायुद्धात पाणबुडीचा कप्तान होता, पक्का राष्ट्रवादी, स्वतः नाझींना मत दिलेला. चार महिन्यांत सात हजारांच्या आसपास पाळक त्यात आले. मधल्या काळात जर्मन ख्रिस्तींनी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला, १३ नोव्हेंबरला बर्लिनच्या स्पोर्टपालास्टमध्ये वीस हजार लोकांची सभा, तिथे त्यांच्या एका वक्त्याने मागणी केली की जुना करार, म्हणजे बायबलचा ज्यूंकडून आलेला पहिला भाग, फेकून द्या, गुराढोरांच्या व्यापाऱ्यांच्या आणि भडव्यांच्या गोष्टी आहेत त्यात, आणि पौलाची ती रब्बीछाप, म्हणजे ज्यू धर्मगुरूंसारखी, शिकवण पण काढा. साधे चर्चला जाणारे लोक हादरले. इतके दिवस झेंडे चालत होते, आजीच्या बायबलला हात लावल्यावर चालेना.

आता एक प्रसंग सांगतो. २५ जानेवारी १९३४, चान्सलरची कचेरी. हिटलरने दोन्ही बाजूंच्या चर्चवाल्यांना बोलावलंय, विरोधी बाजूच्या बिशपांना आशा आहे की आज म्युलरला घालवता येईल. बैठक सुरू होते न होते तोच हिटलरचा उजवा हात गोअरिंग फाइल घेऊन येतो आणि मोठ्याने वाचायला लागतो. ते होतं निमोलरचं त्याच दिवशी सकाळचं फोनवरचं बोलणं, लाइन टॅप केलेली. त्यात निमोलर हसत हसत म्हणत होता की वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग आधी हिटलरला बोलावून त्याला मरणाऱ्या माणसाला देतात तो शेवटचा तेलाचा संस्कार देतील. हिटलर पेटला. बिशपांचे चेहरे पडले. निमोलरने नंतर सांगितल्याप्रमाणे हिटलरचं म्हणणं असं होतं की तुम्ही चर्च सांभाळा, जर्मन लोकांची काळजी माझ्यावर सोडा, आणि निघताना हात मिळवताना निमोलर म्हणाला की आमच्या लोकांची जबाबदारी आमच्यावर देवाने टाकलीय, ती तुम्ही किंवा जगात कुणीच काढून घेऊ शकत नाही. दोन दिवसांनी बिशपांनी काय केलं माहितीय? म्युलरला जाहीर पाठिंबा दिला. मला या प्रसंगात हिटलरच्या रागापेक्षा त्याचं ते एक वाक्य जास्त धोक्याचं वाटतं, कारण ते अगदी समंजस वाटतं, तुमचं तुम्ही बघा, माझं मी बघतो. कैसराचं (त्या काळच्या रोमन सम्राटाचं) कैसराला, देवाचं देवाला असं येशूच म्हणाला होता की. पण कैसराचं किती ते कैसरानेच ठरवायचं असं काही येशू म्हणाला नव्हता.

इथून निघालं ते बार्मेनचं जाहीरनामापत्र. मे १९३४ च्या शेवटी वुपरटालच्या बार्मेन भागातल्या गेमार्के चर्चमध्ये १८ प्रांतिक चर्चेसमधून १३९ प्रतिनिधी जमले, त्यात बाई एकच. मसुदा लिहिला मुख्यतः कार्ल बार्ट यांनी, स्विस माणूस, बॉनला धर्मशास्त्राचे प्राध्यापक. दोन आठवडे आधी फ्रँकफर्टच्या एका हॉटेलात तिघांची समिती बसली होती, दुपारी जेवून बाकीचे दोघं, दोन्ही ल्यूथरन, जरा पडायला गेले आणि बार्टनी कडक कॉफी आणि एकदोन ब्राझिलियन सिगारवर मसुदा लिहून काढला. नंतर ते गमतीने सांगायचे की ल्यूथरन चर्च झोपलं होतं आणि रिफॉर्म्ड चर्च, म्हणजे त्यांचा स्वतःचा प्रोटेस्टंट पंथ, जागं होतं. वामकुक्षी काय फक्त पुण्यातच असते असं नाही.

सहा कलमं आहेत, सगळी सांगत बसत नाही. पहिल्यात म्हटलंय की देवाचा शब्द एकच, येशू ख्रिस्त, दुसऱ्या कुठल्या घटनेला, व्यक्तीला, सत्तेला आम्ही देवाची वाणी मानणार नाही. इथे जर्मन ख्रिस्तींचा सगळा डोलारा खाली येतो. पाचवं मला जास्त आवडतं कारण ते दोन्हीकडून दार लावतं. सरकारचं काम न्याय आणि शांतता राखणं, ते मान्य, पण सरकारने माणसाच्या अख्ख्या आयुष्याचं मालक व्हायचं नाही, आणि चर्चने पण सरकारची कामं, सरकारचा रुबाब अंगावर घेऊन सरकारचं खातं बनायचं नाही. म्हणजे नुसतं हिटलरला नाही म्हटलेलं नाही, स्वतःच्या जुन्या सवयीलाही नाही म्हटलंय. या लोकांना पुढे कन्फेसिंग चर्च म्हणायला लागले, म्हणजे विश्वास उघडपणे कबूल करणारं चर्च. बार्टनी हिटलरच्या नावाची बिनशर्त शपथ घ्यायला नकार दिला, नोकरी गेली, १९३५ ला बासेलला परत. निमोलरला १९३७ मध्ये अटक, आधी साक्सेनहाउझेनची छळछावणी, मग डाखाउची, थेट १९४५ पर्यंत.

इथे थांबलं तर छान वीरकथा होते, आणि बरेच जण थांबतातच. पण बार्मेनचा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, त्यात ज्यू हा शब्द एकदाही नाही. १ एप्रिल १९३३ ला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार झाला तेव्हा चर्चेस गप्प होती. विरोध करणाऱ्यांचं भांडण बहुतेक वेळा चर्चच्या स्वातंत्र्यासाठी होतं, फार तर बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूंसाठी, शेजारच्या ज्यू शिंप्यासाठी नाही. डीट्रिश बोनहोफर नावाचा तरुण पाळक एप्रिल १९३३ मध्येच म्हणाला होता की सरकारच्या बळींना मदत करणं चर्चचं काम आहे, मग ते ख्रिस्ती असोत नसोत, आणि नुसतं चाकाखाली सापडलेल्याला मलमपट्टी करून भागत नाही, वेळ आली तर चाकच अडवावं लागतं, पण तेव्हा तो २७ वर्षांचा होता, कोण ऐकतंय. त्याला एप्रिल १९४५ मध्ये फाशी दिली. बार्टनी म्हातारपणी, १९६७ मध्ये, एका पत्रात कबूल केलं की हा प्रश्न मी तेव्हा पुढे आणायला हवा होता, माझी चूक.

आणि नुसतं गप्प बसणं नव्हतं, कारकुनी पण होती. प्रत्येकाला आर्यन असल्याचा दाखला लागायला लागला होता, आपल्याकडे जातपडताळणीला आजोबा-पणजोबांचे कागद शोधत फिरतात ना, तशीच धावपळ, फक्त हेतू उलटा, इथे कागद नसला की जीवावर बेतणार. साध्या दाखल्याला जन्माचे किंवा बाप्तिस्म्याचे सात कागद, स्वतःचा, आईबापाचे, चारही आजीआजोबांचे, वर लग्नाचे तीन. आणि एकोणिसाव्या शतकातल्या लोकांचे हे कागद कुठे असणार, तर चर्चच्या नोंदवहीत. पाळक आणि कारकून संध्याकाळी दिवा लावून जुनी वही उघडायचे, शाई फिकट झालेली, आणि नाव शोधायचे, याच्या आजोबाचा बाप्तिस्मा मोठेपणी झाला होता का, म्हणजे आधी ज्यू होता का. ज्या वहीत माणूस देवाच्या घरात आला म्हणून नाव लिहिलं, त्याच वहीतून त्याला बाहेर काढायचा पुरावा निघत होता. सही शिक्का चर्चचा.

जर्मन ख्रिस्तींचं पुढे काय झालं? १९३९ मध्ये आयसेनाखला त्यांनी एक संस्था काढली, चर्चमधला ज्यू प्रभाव संपवण्यासाठी, तिने नवा करार 'साफ' करून छापला आणि गीतांच्या पुस्तकातून हालेलूया, होसान्ना, सियोन असले शब्द काढले, कारण ते हिब्रू. हालेलूया काढलेलं गाण्याचं पुस्तक, डोळ्यासमोर आणून बघा. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो म्युलर? त्याच्याने चर्च एक होत नाही म्हटल्यावर हिटलरचा रस संपला, १९३५ ला चर्चसाठी वेगळा मंत्री नेमला, राइश-बिशप हे पद नुसतं लेटरहेडवर राहिलं. नाझींना चर्च कधी हवंच नव्हतं, १९३३ मध्ये चर्चची गरज होती एवढंच.

ऑक्टोबर १९४५ मध्ये श्टुटगार्टला चर्चच्या पुढाऱ्यांनी जाहीर कबुली दिली, आम्ही जास्त धैर्याने साक्ष दिली नाही, जास्त निष्ठेने प्रार्थना केली नाही, जास्त प्रेम केलं नाही. सही करणाऱ्यांत निमोलर होते, डिबेलियस पण होते. त्यातही ज्यू शब्द नाही.

फ्रीडरिश वाइसलर नावाचा एक वकील होता, त्याचं सांगायचं राहिलं. जन्म ज्यू कुटुंबातला, पण बाप्तिस्मा लहानपणीच झालेला. न्यायाधीश होता, १९३३ ला नोकरीवरून काढला, मग कन्फेसिंग चर्चच्या ऑफिसात काम करायला लागला. १९३६ मध्ये त्या चर्चच्या पुढाऱ्यांनी हिटलरला एक खाजगी निवेदन दिलं, त्यात छळछावण्यांबद्दल लिहिलं होतं, ज्यूंचा द्वेष करायला लावणं हे शेजाऱ्यावर प्रेम कर या आज्ञेच्या विरुद्ध आहे हेही लिहिलं होतं, म्हणजे जे बार्मेनला राहून गेलं ते इथे आलं. ऑलिंपिकच्या तोंडावर ते निवेदन परदेशी पेपरांत फुटलं. चर्चने हात झटकले. तिघांना अटक झाली, वाइसलर आणि दोन तरुण. फेब्रुवारी १९३७ मध्ये तिघांना साक्सेनहाउझेनला नेलं, तिथे वाइसलरला इतर दोघांपासून वेगळं केलं कारण कागदावर तो ज्यू, आणि सहा दिवसांत मारून टाकलं. बाकीचे दोघं जिवंत सुटले. बाप्तिस्मा तिघांचाही झालेला होता.